फळी कुठे आहे?

मी एक जुना रबरी माणूस आहे. कमरेखाली मला काहीच नाही. छातीत एक स्प्रिंग आहे. छाती पुरेशी खोल दाबली, की आतून 'टक' असा आवाज येतो. मित्रांनो, तेवढंच माझं बोलणं.

मी कारखान्यात बनलो, पण नाव मिळालं जळगावकडच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात. हृदय थांबलं, की छाती हातांनी दाबून रक्त कसं फिरतं ठेवायचं, हे दीपमाला मॅडम माझ्यावर शिकवत. त्यांनी मला सावद्याचे रुपचंद नाना केलं.

एक. दोन. तीन. चार.

मॅडम पुस्तक उघडत नसत. मला गादीवर निजवत आणि स्वतःच माझी बायको होत.

"ओ डॉक्टर, मना मालकले काय व्हयनं?"

मॅडमच्या अहिराणीला मुलं हसत.

"बठ्ठा डॉक्टर शेतस, कामना एकबी नही!"

मग कोणीतरी लाजत पुढे येई आणि घाम फुटेपर्यंत दाबी. मी गप्प.

"नाना का बोलत नाहीत?" मॅडम विचारत. उत्तर मात्र देत नसत. मुलं अंदाज करत, भांडत, चुकत. एकदा प्रेमराज नावाचा मुलगा ओरडला, "मॅडम, छाती नाही, गादीच दबतेय! फळी कुठे आहे?"

पाठीखाली फळी सरकवली. टक! सगळा वर्ग टाळ्या पिटत होता.

"इथे चुका," मॅडम म्हणाल्या. "नाना उद्या परत मरायला तयार आहेत."

तीस दाब झाले, की दोन श्वास.

श्वास.

श्वास.

मॅडमची धुळ्याला बदली झाली. नव्या सरांकडे दीडशे मुलं आणि एकच तास. ते भिंतीवर चित्रफीत दाखवत. चित्रफितीतला माणूस जमिनीवर पडलेला असतो. जमीन दबत नाही. त्यामुळे फळीचा प्रश्नच कोणाला पडला नाही. मी कपाटात गेलो. फळीवर शिपाई सुकदेवभाऊंची चहाची किटली बसली.

गेल्या सोमवारी दुपारी कपाट उघडलं. समोर मोहिनी होती, इंटर्न. एप्रन चुरगळलेला.

"काय बेटा, परीक्षा शे का?" भाऊंनी विचारलं.

"झाली, भाऊ."

वॉर्डात एरंडोलच्या भाईदास आबांचं हृदय थांबलं होतं. मोठे डॉक्टर येईपर्यंत तीच एकटी दाबत होती. कॉटवर. गादीवर.

"चित्रफितीसारखंच केलं, भाऊ. आबांच्या घरच्या अक्का पायाशी उभ्या होत्या. शेवटी त्याच मला म्हणाल्या, 'पोर, दमनी तू. बस कर आते.'"

तिने मला गादीवर ठेवलं आणि दाबलं. मी गप्प. अंगातलं सगळं बळ लावलं. मी गप्प.

"मॅडम याच्याखाली फळी ठेवायच्या," भाऊ म्हणाले आणि त्यांनी किटली उतरवून फळी माझ्या पाठीखाली सरकवली.

टक.

मोहिनी थांबली. पुन्हा दाबलं. टक. मग तिने दोन्ही हात काखेत धरले आणि तशीच खाली बसली.

फळी असती तर आबा वाचले असते का? मला माहीत नाही. तिलाही कधी कळणार नाही.

थोड्या वेळाने ती उठली आणि फळी घेऊन वॉर्डाकडे गेली. आबांच्या कॉटवर तोवर दुसरा पेशंट आला होता.

मित्रांनो, प्रश्न विचारून, हात लावू देऊन शिकवणारं कोणी भेटलं तर त्याला जपा. आणि मला कपाटाबाहेर राहू द्या. चुका माझ्यावर करा. मला पुन्हा पुन्हा मरता येतं.