दोन ब्रेकांची गाडी

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. जुन्या गाड्या पुष्कळ असतात, पण माझ्यात ब्रेक दोन आहेत. एक चालवणाऱ्याच्या पायाखाली आणि दुसरा शेजारच्या सीटपुढे. कारण मी शिकवणीची गाडी.

कारखान्यातून निघाले तेव्हा मीही चारचौघींसारखीच होते. पाचव्या दिवशी मास्तरांनी मला गॅरेजमध्ये नेलं आणि मिस्त्रीने तो दुसरा ब्रेक बसवला. मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मालक. त्यांचा नियम एकच: शेजारचा ब्रेक खरा धोका असेल तरच दाबायचा. उगाच दाबला, तर शिकणारा कायमचा बिचकतो.

बावीस वर्षांत माझ्यावर नर्स शिकल्या, बेकरीवाले शिकले, एक वकीलही शिकले. एक शिंपीणबाई मी बंद पडले की मलाच "सॉरी गं" म्हणायच्या. माझ्या चार क्लचप्लेटा झिजल्या. परीक्षा पास झालेली माणसं माझ्या बॉनेटवर हात ठेवून फोटो काढायची, तेव्हा मला काय वाटायचं म्हणून सांगू! मग हलक्या स्टिअरिंगची नवी गाडी आली आणि मी ऑफिसच्या खिडकीखाली उभी राहू लागले. माझ्यावर धूळ बसली, मग मांजर बसली.

एक जण मात्र मला विसरला नाही. मास्तरांचा धाकटा. मी त्याला छोटे मास्तर म्हणते. सत्तावीस वर्षांचा, शिकवण्यात वडिलांच्या वरचढ. तो जन्मला तेव्हा सगळ्यांनी त्याला मुलगी म्हटलं, आणि मोठा झाल्यावर स्कूलच्या पाटीवरही लिहिलं: 'महिलांसाठी महिला प्रशिक्षक'. निम्मे शिकाऊ त्या ओळीमुळे यायचे. ते त्याला मॅडम म्हणायचे आणि त्याची गिअरवरची मूठ घट्ट व्हायची. कारण तो मुलगा होता, आणि हे त्याला फार लहानपणापासून ठाऊक होतं. अशा माणसाला ट्रान्स पुरुष म्हणतात. घरात हे कुणालाच माहीत नव्हतं. मला होतं, कारण दुपारच्या सुट्टीत तो काचा वर करून माझ्यात येऊन बसायचा आणि डॉक्टरबाईंनी दिलेले कागद स्टिअरिंगवर पसरून वाचायचा.

हार्मोनची इंजेक्शनं घेतली तर आवाज खाली उतरेल, दाढीमिशा येतील, पाळी थांबेल. आवाज एकदा बदलला की पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. पुढे मूल हवं असेल, तर त्याचा विचार आधीच करायचा. छातीचं ऑपरेशन ही वेगळीच गोष्ट. करा, नंतर करा, नाहीतर करूच नका. "यातलं सगळं घ्यायलाच हवं असं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. "काहीच नाही घेतलंस तरी तू पुरुषच आहेस." वर्षभर त्याने सगळं उलटसुलट तपासलं आणि ठरवलं. इंजेक्शनं आता, ऑपरेशनचं पुढे बघू. स्वतःबद्दल त्याला शंका उरली नव्हती. भीती होती ती घराची. बुधवारी पहिलं इंजेक्शन होतं, आणि त्याला ते लपूनछपून घ्यायचं नव्हतं.

तो माझ्यात बसून सराव करायचा.

"बाबा, एक चांगली बातमी आहे." मग स्वतःशीच म्हणायचा, "नको, त्यांना वाटेल लग्न ठरलं."

"बाबा, मला दवाखान्यात जायचंय. नको, घाबरतील."

मग त्याने कपाळ स्टिअरिंगवर टेकलं आणि माझा हॉर्न वाजला. मांजर जी पळाली, ती संध्याकाळपर्यंत फिरकली नाही.

सोमवारी नवी गाडी वर्कशॉपला गेली आणि मास्तरांनी माझी आठवण काढली. छोटे मास्तर चालवायला बसला, मोठे मास्तर शेजारी. गोदामांमागच्या सरळ रस्त्यावर त्याने सांगून टाकलं. सरावातलं एकही वाक्य त्याने वापरलं नाही.

"बाबा, मी मुलगी नाही. कधीच नव्हतो. बुधवारपासून मी उपचार घेणार आहे."

शेजारचा ब्रेक खाडकन दाबला गेला. रस्ता समोर रिकामा होता, मित्रांनो. बावीस वर्षांत मास्तरांनी असं कधी केलं नव्हतं. मागून येणारा टेम्पो कसाबसा वाचला.

"मास्तर, शिकवायला निघालात की शिकायला?" टेम्पोवाला ओरडून गेला.

मास्तरांनी फडकं घेतलं आणि माझा स्वच्छ डॅशबोर्ड पुसत राहिले.

"आणि पाटीचं काय?" शेवटी ते म्हणाले.

"पाटीवर लिहिलीय ती मी नाही, बाबा."

"औषध सोडलं तर पुन्हा पहिल्यासारखं होतं?"

"काही होतं, काही नाही. म्हणून तर वर्षभर विचार केला."

"आणि मी नको म्हटलं तर?"

"तर मला फार वाईट वाटेल. पण मी जाईन."

मास्तर फडक्याच्या घड्या घालत बसले. चार घड्या झाल्या, पाचवी होईना.

"आईला मी सांगणार नाही. तू सांगायचंस," ते म्हणाले. "मी शेजारी बसेन. चल, गाडी काढ."

आईंना त्या दिवशी सांगून झालं. त्या रडल्या, मग मुळी बोलेचनात. बुधवारी मात्र छोटे मास्तर निघाला, तेव्हा खाली आल्या आणि न विचारता माझ्या मागच्या सीटवर बसल्या. दोन सिग्नल गेले.

"राग आहे माझा तुझ्यावर," त्या म्हणाल्या.

"माहितीये, आई."

"उपाशीपोटी घ्यायचं असतं का ते?"

"नाही."

"मग सकाळी खाल्लं का नाहीस?"

आता आठ महिने झाले. पाटीवरची ती ओळ रंगवून टाकली आहे. काही बायका दुसरीकडे शिकायला गेल्या, तेव्हा घर जरा कोमेजलं. मास्तरांच्या तोंडून अजून जुनं नाव निघतं. मग ते स्वतःच जीभ चावतात. छोट्या मास्तरांचा आवाज मात्र असा घुमतो की माझ्या काचा थरथरतात. खोटं नाही सांगत.

परवा खिडकीतून आईंचा फोनवरचा आवाज आला. पलीकडून कुणीतरी बाई प्रशिक्षक आहेत का, असं विचारत असावं.

"नाही हो," त्या म्हणाल्या. "माझा मुलगा शिकवतो. तुम्ही एकदा बसून तर बघा, आवडलं नाही तर सांगा."

मित्रांनो, माझं मागणं थोडं आहे. वेळेवर ऑइल, चाकात हवा, आठवड्यातून एखादी फेरी. माझ्यासाठी हे कुणीही ठरवावं. माणसाला काय हवं ते मात्र त्याचं त्यालाच विचारा, आणि त्याचं बोलणं पुरं होऊ द्या. राग आला तरी चालेल, पण सोबत जा.