राखलेला नंबर

रवीचं डोकं त्या सकाळी दोन ठिकाणी होतं आणि पाय एकाही ठिकाणी ठरत नव्हते. मारेगावच्या कापूस खरेदी केंद्राबाहेर गाड्यांची ही लांब रांग, रांगेत त्याची बैलगाडी. आणि दुपारी त्याच गावातल्या शाळेत त्याला इंग्रजीचा नमुना पाठ द्यायचा. पाठ जमला तर मास्तरकी, नाही तर दरसाल हीच रांग. बापाचा पाय मोडला नसता तर गाडीपाशी बाप बसला असता. पण अडचणी कधी एकट्या येतात का?

पाठाला क्रियापद मिळालं होतं 'कीप'. दिसायला एवढंसं, पण भारी बेरकी. गाय पाळायची तरी कीप, दिलेला शब्द पाळायचा तरी कीप. गप्प बसायचं असलं तरी कीप, आणि न थांबता चालत राहायचं असलं तरी तेच. रवी गाडीभोवती फेऱ्या मारत वाक्यं घोकत होता.

"काय पुटपुटून राह्यला रे?" मागच्या गाडीवरून लालीबाईने विचारलं. ती शेजारच्या तांड्यावरची. रांगेतच ओळख झालेली. "मंतर मारतं का कापसावर?"

रवीने सगळं सांगितलं.

"हात्तिच्या. मंग राखणं म्हण ना. आमी शेत राखतो, शब्द राखतो, लोकायचा मान राखतो."

"अन् गप्प राह्यनं, मावशी?"

"ते मले कोणी शिकवलंच नाही."

तेवढ्यात रांग हलली. सकाळपर्यंत सगळे म्हणत होते, उद्याशिवाय नंबर नाही. पण केंद्रवाल्यांनी दुसरा वजनकाटा सुरू केला आणि गाड्या भराभर आत जाऊ लागल्या. आणि शाळेची वेळही नेमकी आताच झाली होती.

"तू जाय," लालीबाई म्हणाली. "आधी तुही गाडी सरकवीन, मंग माही. तुहा नंबर मी राखतो."

रवी गेला खरा, पण मागे वळून बघत बघत. ही बाई आपलीच गाडी पुढे दामटणार, असं त्याला वाटत होतं. त्याचाही काय दोष? त्या वर्षांत बोंडअळीने बोंड पोखरावं तसा माणसाचा माणसावरचा भरवसा पोखरला होता.

वर्गात त्याने फळाभर वाक्यं लिहिली. मागच्या बाकावर बसलेल्या मुख्याध्यापिका प्रभावतीबाई म्हणाल्या, "हे सगळं पुस्तकातलं झालं. इथलं काहीतरी सांगा."

रवीच्या तोंडून निघून गेलं, "लालीबाई कीप्स माय प्लेस."

"लालीबाई माझा नंबर राखते," एका मुलीने लगेच अर्थ सांगितला. बाईंनी समाधानाने मान हलवली. रवीला मात्र आपण मुलांना खोटं उदाहरण दिलं असं वाटलं.

"सोमवारपासून या," बाई म्हणाल्या. तो धड आभारही न मानता पळत सुटला.

केंद्राचं फाटक बंद झालं होतं. रांग पांगली होती. फाटकासमोर दोनच गाड्या उभ्या होत्या, त्याची आणि लालीबाईची, दोन्ही कापसाने भरलेल्या.

"नंबर आलता," ती म्हणाली. "आतला साहेब म्हणे, मालक नाही तं हा माल हलक्या भावात टाका. मी म्हटलं, मालक आल्याबिगर कापसाले हात लावू देत नाही. आता मंगळवारी उघडते म्हणे."

"पण तुमची गाडी तरी आत न्यायची होती."

"अन् तुहे बैल कोणाच्या भरवशावर सोडू?"

रवीला इतकी लाज वाटली की मान वर होईना. "मावशी, मले वाटलं होतं..."

"नोकरी झाली का?"

"झाली."

"बेस झालं. मंग आता इथं उभा राह्य अन् दोन्ही गाड्या राख. मी पाणी पिऊन येतो. तू गेला तवापासून जागची हलली नाही."

आणि ती नळाकडे निघाली, जवळजवळ धावतच.