वायरींच्या पोकळीतला धूर

त्या दिवशी सुनेच्या अंगात ताप होता. सासूने स्वयंपाक उरकला, ओटा पुसला, गॅसचा कॉक बंद केला आणि झोपलेल्या सुनेच्या कपाळावर हात ठेवून औषधं आणायला खाली उतरली. सावकाश या, असं सून अर्धवट झोपेतच पुटपुटली. राहायला येऊन फार दिवस झाले नव्हते. भिंतींना अजून रंगाचा वास होता.

औषधं घेऊन ती परतली तेव्हा जिन्यातून काळा धूर लोटत होता. दुसऱ्या मजल्यावर वायरींनी पेट घेतला होता. वायरी वर नेणारी पोकळी मजल्यामजल्याला बुजवायची असते. बिल्डरने ती खालपासून गच्चीपर्यंत उघडीच ठेवली होती आणि दिसू नये म्हणून प्रत्येक मजल्यावर जिन्याच्या बाजूने प्लायवूड ठोकलं होतं. धुराड्यातून चढावी तशी आग चढली आणि पाचव्या मजल्यावर यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीतून आत शिरली. सून दाराशी सापडली. तिचा हात कडीपर्यंत पोचला होता.

मग जबाबदारीची टोलवाटोलवी सुरू झाली. बिल्डरने ठेकेदाराकडे बोट दाखवलं, ठेकेदाराने वायरमनकडे. इमारतीला दाखला देणाऱ्या साहेबांनी, आपण फक्त कागद तपासतो, म्हणून कानावर हात ठेवले. जिवंत माणसं अशी एकेक करून निसटली, की खापर फोडायला मेलेल्याचं डोकं फार सोयीचं पडतं.

सोसायटीचे अध्यक्ष सहाव्या मजल्यावर राहायचे. दातांचे डॉक्टर होते, बोलणं अगदी लोण्यासारखं. घरातली रडारड ओसरल्यावर ते भेटायला आले.

"काकू, सूनबाई गॅसवर काहीतरी ठेवून झोपल्या असतील, एवढंच चौकशीत सांगा. इमारतीत दोष निघाला तर आपल्या कुणाच्याच घराला कुत्रं विचारणार नाही."

सासूने मुलाकडे पाहिलं. तो पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत होता.

"म्हणून टाक ना, आई," तो म्हणाला. "ती काही ऐकायला येणार नाहीये."

सून गेल्याचं दुःख सासूला होतंच. ती अजून एकदा जायची बाकी आहे, हे तिला आत्ता कळलं.

चौकशीत ती खुर्चीवर ताठ बसली आणि म्हणाली, "गॅस मी स्वतः बंद केला होता. माझी सून आजारी होती, ती फक्त झोपली होती. जिन्यातल्या त्या प्लायवूडच्या फळ्या काढून बघा."

फळ्या कुणी काढल्या नाहीत. आगीचं कारण निश्चित सांगता येत नाही, असा निकाल आला. शेजारणी तिला पाहून लिफ्टमधून बाहेर पडू लागल्या. म्हातारीचं डोकं फिरलंय, असं इमारतीतल्या लहान मुलांनाही सांगण्यात आलं. मुलगा मित्राच्या खोलीवर राहायला गेला. सोसायटीने काजळी धुतली, नवं प्लायवूड ठोकलं, त्यावर पांढरा रंग फासला. आतली पोकळी होती तशीच राहिली.

आणि डॉक्टरांनी आपलं घर विकायला काढलं.

घर बघायला एक जोडपं आलं, बायकोच्या कडेवर मूल. लिफ्ट बंद होती, म्हणून एजंट त्यांना जिन्याने नेत होता. पाचव्या मजल्यावर सासू पेचकस घेऊन उभी होती. तिने फळी उचकटून बाजूला केली आणि आत डोकावून बघा म्हणाली. मग घडलेलं सगळं सांगितलं, काही हातचं न राखता.

नवऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग एजंटला कोपऱ्यात घेऊन त्याने विचारलं, "असं असेल तर किंमत बरीच उतरेल ना?"

दोघे बोलत बोलत वर गेले. बायको मात्र तिथेच उभी राहिली. तिने त्या काळ्या भोकात हात घातला. खालून वारा वर येत होता. मुलाला तिने दुसऱ्या कडेवर घेतलं.

"तुमच्या सूनबाई कुठे होत्या?" तिने हळूच विचारलं.

इतक्या दिवसांत हे कुणीच विचारलं नव्हतं. सासूने तिचा काजळीने माखलेला हात धरला आणि आपल्या घराचं दार उघडलं.