हवेवर चालणारी सुरी

माझ्या नवऱ्याचं बोट भोपळा चिरताना कापलं, असं कारखान्याच्या कागदांत लिहिलेलं आहे. खाली त्याची सही आहे. आमच्या लग्नाला सतरा वर्षं झाली. या सतरा वर्षांत नवऱ्याने भोपळा पाहिला तो फक्त ताटात, आणि तिथेही नाक मुरडूनच. पण कागद म्हणतो म्हणजे खरं. कागदाशी वाद घालणारी मी कोण?

घडलं ते असं. नवरा पोलादी सांगाडे बनवणाऱ्या कारखान्यात ग्राइंडर चालवतो. हे ग्राइंडर विजेवर नाही, हवेवर चालतात. भिंतीवरच्या कॉकपासून एक नळी येते, तिच्यातून दाबाची हवा येते, आणि मुठीखालची लिव्हर दाबली की चकती फिरते. चकती बदलायची असेल तर आधी कॉक बंद करायचा, मग लिव्हर दाबून नळीत उरलेली हवा सोडून द्यायची, मग नळी काढायची, आणि त्यानंतरच चकतीला हात लावायचा. हे मला पाठ आहे, कारण नवरा कामावर नव्या माणसांना शिकवतो आणि घरी येऊन मलाही शिकवतो. मी शिवणकाम करते. मशीनची सुई बदलताना मी प्लग काढला की नाही, हे बघायला तो हातातला चहा ठेवून उठतो.

आणि त्या दिवशी या शहाण्याने कॉक बंद केला, पाना उचलला आणि बसला चकती सोडवत. घाई होती म्हणे. नळीत उरलेली हवा ती केवढी, फुग्यात मावेल एवढी. लिव्हर चुकून दाबली जाऊ नये म्हणून तिला एक खटका असतो. सात नंबरच्या ग्राइंडरचा खटका चार महिन्यांपूर्वी तुटला होता आणि त्याच्या जागी तांब्याची तार गुंडाळली होती. दुरुस्तीच्या वहीत नवऱ्याने तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा शेजारी सुबक अक्षरात उत्तर आलं, ‘पार्ट मागवला आहे.’ पार्ट आला नाही. तार सरकली, उजव्या तळव्याखाली लिव्हर दबली, आणि उरलेल्या हवेने चकतीला दोन-चार गिरक्या दिल्या. डाव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटाचं वरचं पेर गेलं.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा फोरमन माझ्या आधी हजर होते. डोळे लाल झाले होते त्यांचे. माणूस वाईट नाही, हे मी आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं ऐकून तुमचा गैरसमज होईल.

“वहिनी,” ते म्हणाले, “एकोणीस दिवसांचा प्रश्न आहे.”

कारखान्याच्या फाटकावर एक पाटी आहे, ‘अपघाताविना दिवस’. तिच्यावर त्या सकाळी नऊशे एक्याऐंशी आकडा होता. हजाराव्या दिवशी समारंभ, मुख्य कचेरीतले मोठे साहेब, ढाल, आणि प्रत्येकाला एक भिंतीवरचं घड्याळ. अपघात लिहिला की पाटीवर शून्य.

“मग तुमचं म्हणणं काय?” मी विचारलं.

“घरी झालं असं म्हणू. टोमॅटो चिरताना.”

“टोमॅटो चिरताना हाड तुटतं का हो?”

फोरमन विचारात पडले. मग दोघांनी मिळून, म्हणजे फोरमननी आणि पलंगावर पडलेल्या माझ्या नवऱ्याने, भोपळा ठरवला. मी तिथेच दोघांना फैलावर घ्यायला हवं होतं. पण नवरा पांढराफटक पडला होता आणि मला एवढंच म्हणाला, “जाऊ दे गं. शंभर माणसांचं घड्याळ माझ्या बोटापायी कशाला जायला हवं?” त्याने सही केली. मी तोंडात मिठाची गुळणी धरली. त्याची मला अजून लाज वाटते.

चार दिवसांनी सुरक्षा अधिकारी घरी आले. कारखान्यात त्यांना सगळे ‘हेल्मेट’ म्हणतात, कारण त्यांचं टक्कल अजून कुणी पाहिलेलं नाही. आमच्या स्वयंपाकघरातही ते हेल्मेट घालूनच शिरले. मुख्य कचेरीचा नियम आहे म्हणे, कामगाराच्या घरच्या अपघाताचीही चौकशी करायची. आमची काळजी फाटकापाशी संपत नाही, असं ते म्हणाले. त्यांनी ओट्याची उंची मोजली. बल्ब किती उजेड देतो ते पाहिलं. मग भोपळा मागितला.

“संपला,” मी म्हटलं.

“सगळा?”

“घरात माणसं आहेत, साहेब.”

त्यांनी तसं लिहून घेतलं. माझी चांगली, पातळ पात्याची सुरी त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली, पिशवीला चिठ्ठी बांधली आणि चिठ्ठीवर लाल अक्षरात लिहिलं, ‘धोकादायक. वापरातून काढली.’ मला इतका वेळ हसू येत होतं. ती चिठ्ठी पाहिली आणि हसू गेलं.

“साहेब, आणि सात नंबर?”

“कुठला सात नंबर?”

“ग्राइंडर. त्यालाही अशी चिठ्ठी बांधली असेल ना?”

हेल्मेटनी माझ्याकडे फार सौम्यपणे पाहिलं. “वहिनी, त्याच्यावर अपघाताची नोंदच नाही. अपघात झालेला नाही, मग तपासायचं कशाला?”

सात नंबरवर आता भावजींना लावलं होतं. भावजी म्हणजे माझा सख्खा दीर, त्याच कारखान्यात बारा वर्षं वेल्डर. दादा रजेवर म्हणून तात्पुरते त्यांना त्या जागी बसवलं. भावजी रोज कामावरून परतताना आमच्याकडे डोकावायचे आणि मी रोज आधी त्यांचे हात बघायची. दहाही बोटं दिसली की मग या बसा म्हणायची.

“अहो भावजी, नाही म्हणा ना त्या सात नंबरला.”

“नाही म्हटलं तर का, असं विचारतील. का ते सांगितलं तर दादा खोटा पडेल. सही केलीय त्याने.”

“तार तरी नीट आहे का?”

“तार नवी लावलीय, वहिनी. काळजी करू नका. चकचकीत आहे.”

त्यांनी हे मला धीर द्यायला सांगितलं. मला मात्र भीती वाटत होती, भाजी फोडणीला टाकता टाकता हात थांबवणारी. नवऱ्यापुढे विषय काढला की तो कूस बदलायचा. तो आधी दिवसाला शंभर वाक्यं बोलायचा, आता दहासुद्धा नाही. मी फोरमनना फोन केला. ते म्हणाले, “समारंभ होऊ द्या वहिनी, लगेच बघतो.” त्याला अजून आठ दिवस होते. नळीतली उरलेली हवा आठ दिवस कुणाच्या सोयीने थांबते का?

मग आमंत्रण आलं. हजारावा दिवस, सहकुटुंब. सोबत हेल्मेटची चिठ्ठी, की ‘घरातली सुरक्षा’ या विषयावर आपण दोन शब्द बोलावेत, एका पीडिताच्या पत्नी या नात्याने. नवऱ्याने चिठ्ठी वाचली आणि माझ्याकडे पाहिलं.

“जाशील?”

“न जायला काय झालं?”

“खरं बोलू नकोस हं.”

“अजिबात नाही,” मी म्हटलं. “तुमच्या सहीला धक्का लागेल असा एक शब्द बोलणार नाही.”

समारंभ कँटीनमध्ये होता. टेबलं बाजूला सरकवलेली, समोर मोठे साहेब, शेजारी हेल्मेट, मागे ढाल. सकाळची पाळी अर्धा दिवस काम करून आली होती आणि समारंभानंतर परत कामावर जाणार होती. भावजी तिसऱ्या रांगेत होते. मी आधी त्यांचे हात पाहिले आणि मग माइक धरला.

“माझ्या घरी अपघात झाला,” मी सुरुवात केली. “चूक माझ्या सुरीची. ही सुरी हवेवर चालते.”

माणसं हसली. मोठे साहेब हेल्मेटकडे झुकून म्हणाले, “हवेवर चालणारी सुरी?” माइक जवळच होता, सगळ्यांना ऐकू आलं. हेल्मेट म्हणाले, “नवीन आली असेल, साहेब.”

“या सुरीचं पातं बदलायचं असेल,” मी पुढे म्हटलं, “तर आधी भिंतीवरचा कॉक बंद करायचा. पण तेवढ्याने भागत नाही. नळीत हवा उरते. ती लिव्हर दाबून सोडावी लागते, नळी काढावी लागते, मगच पात्याला हात. माझ्या नवऱ्याने मधलं काम गाळलं. त्याची ती चूक झाली, आणि तिची किंमत त्याने भरली. पण माणूस चुकेल म्हणूनच लिव्हरला खटका दिलेला असतो ना? माझ्या सुरीचा खटका चार महिने तुटलेला होता. तिथे तार होती. मी माझ्या स्वयंपाकघराच्या वहीत तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा मी स्वतःलाच उत्तर दिलं, पार्ट मागवला आहे.”

आता कुणी हसत नव्हतं. वहीत ते सुबक अक्षर ज्यांचं होतं ते फोरमन दाराजवळ उभे होते.

“सुरक्षा अधिकाऱ्यांनी घरी येऊन माझी एक सुरी नेली, त्यांचे आभार. पण गडबडीत त्यांनी दुसरीच नेली. हवेवरची सुरी अजून माझ्या स्वयंपाकघरात आहे. तिचा नंबर सात. आज सकाळी ती माझ्या धाकट्या दिराच्या हातात होती आणि जेवणानंतर पुन्हा असणार आहे. मला फार भीती वाटते. एवढंच.”

मोठ्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या. घरची बाई इतकं तांत्रिक बोलते याचं त्यांना कौतुक वाटलं, तसं ते नंतर म्हणालेही. त्यांच्यामागून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फक्त तिसरी रांग गप्प होती. आणि दाराजवळ फोरमन नव्हते.

ढाल दिली, घड्याळं वाटली, फोटो झाले. आम्ही चहाचे कप घेऊन कोपऱ्यात बसलो होतो तेव्हा फोरमन आले. हात ग्रीसने माखलेले. त्यांनी सात नंबरची लिव्हर खोलून आणली होती. ती टेबलावर ठेवून ते माझ्यासमोर बसले.

“नोंदवहीत काय लिहिणार?” मी विचारलं.

“घरगुती सूचनेवरून वापरातून काढला,” ते म्हणाले. त्यांनी खिशातून वही काढली. “वहिनी, तुमच्या घरी अशा आणखी किती सुऱ्या आहेत?”

“मला काय माहीत? ह्यांना विचारा.”

फोरमननी नवऱ्याकडे पाहिलं. एकोणीस दिवस हा माणूस भिंतीकडे तोंड करून होता. त्याने कप खाली ठेवला, डावा हात पुढे केला आणि अंगठा करंगळीच्या तळाशी टेकवला.

“एक ठीक आहे. दोनचं कव्हर कुणीतरी काढून टाकलंय. तीन ठीक. चारची नळी जोडापाशी फुगलीय. पाच, सहा ठीक. सातचं तुम्हाला माहीत आहे.” अंगठा पेरापेरावरून पुढे सरकत होता. फोरमन भराभरा लिहीत होते. “आठला लावलेली चकती कमी वेगाची आहे, ग्राइंडर तिच्यापेक्षा जोरात फिरतो. एखाद्या दिवशी तिचे तुकडे उडतील. नऊ ठीक. दहाचा खटका ढिला. अकरा ठीक. बारा...”

अंगठा वर गेला आणि तिथे टेकायला काही नव्हतं. फोरमनचं पेन थांबलं.

“बाराचं काय?” मी विचारलं.

“बारालाही तारच आहे,” नवरा म्हणाला, आणि तेरा नि चौदा त्याने उजव्या हातावर मोजले.