पाटावरची बुधवारची पाहुणी

मित्रांनो, चार बुटके पाय आणि कोपऱ्यांना पितळी फुलं, एवढ्यावरून ओळखलंत का मला? मी रेणापूरच्या एका घरातला जुना सागवानी पाट आहे.

वीरण्णा सुतारानं मला घडवलं. माझ्यावर नवरदेव बसले, भाऊबीजेचे भाऊ बसले, रुसलेले जावई बसले. या घराची रीतच होती, पाटावर बसलेल्या माणसाला वाकडा शब्द बोलायचा नाही. पुढं जेवणाचं टेबल आलं आणि माझी रवानगी कोठीच्या खोलीत कांद्यांशेजारी, पत्र्याच्या पेटीमागं झाली. कांद्यांना कोंब फुटायचे, मला नुसती वाळवीची धास्ती.

एका बुधवारी संध्याकाळी घरच्या सुनेनं, मनस्विनीनं मला बाहेर काढून पुसलं. ती गावातल्या शाळेत शिकवते. तिनं दार लोटलं, मला पेटीवर मांडलं आणि तांब्याला टेकवून माझ्यावर फोन ठेवला. इतकं हलकं माणूस माझ्यावर कधी बसलं नव्हतं! होय, माणूसच. फोनात नांदेडच्या श्रद्धाताई होत्या. लोकांच्या मनावरचा ताण उतरवायचं शिक्षण घेतलेल्या समुपदेशक, फोनच्या काचेतूनच भेटणाऱ्या.

मला भारी नवल वाटलं. ही कसली वैदीण? नाडी धरत नाही, काढा देत नाही. नुसतं विचारते, "छातीत धडधड सुरू होते तेव्हा कुठं असता तुम्ही?"

"वर्गाच्या दारात. आणि रविवारी, हे येतात तेव्हा."

हे म्हणजे मुकुल, तिचा नवरा. भोकरच्या कचेरीतून आठवड्यानं घरी यायचा, आणि दोघं ताटावर फक्त मीठ नाहीतर पाणी मागण्यापुरती बोलायची. दर बुधवारी श्रद्धाताई तिला पाय जमिनीवर टेकवून सावकाश श्वास सोडायला सांगत. तिची बोटं माझ्या कडेवर असायची. आधी मला घट्ट आवळायची, मग हळूहळू सैल पडायची. लाकडाला कळतं ते.

घरी मात्र तिनं सांगितलं होतं, शिक्षकांचं ट्रेनिंग आहे. खरं कळलं तर हे बंद पडेल, या भीतीनं ती आवाज गिळून बोलायची. एका बुधवारी तो गिळला गेला नाही. हुंदका फुटला, आणि दार ढकलून सासूबाई, चंद्रप्रभाबाई आत आल्या.

"ट्रेनिंगात कोणी रडतं व्हय? माझी गाऱ्हाणी कुणापाशी करून राहिलीस? दाखव, कोण हाय ती!"

मनस्विनी घाबरून बाजूला सरकली. बाईंची नजर फोनवर गेली, मग माझ्यावर. पाटावर पाहुणी! हात आपोआप पदराकडं गेला.

"अगं बाई! बसा, बसा," म्हणत त्या आल्या पावली गेल्या आणि कुंकवाचा करंडा घेऊन आल्या. बोट थेट काचेवर टेकलं, तेही ताईंच्या नाकावर.

"पोचलं हं, काकू," ताई हसल्या.

"मग आता तुम्हीच सांगा, मी काय कमी केलं म्हणून ही रडती?"

"ते मी सांगायचं नाही, काकू. मनस्विनीला वाटलं, तर ती सांगेल."

मनस्विनीनं डोळे पुसले. मग म्हणाली, "तुमचं काही नाही, आई. मला भीती वाटते. कशाची, तेच यांच्यासंगं शोधून राहिलेय. हे बंद नका करू."

"भीती व्हय? मला वाटलं, माझ्यावर रुसलीस." बाईंचा आवाज उतरला. "सापडली का मग?"

"थोडी थोडी."

"मग शोध की. मी कशाला बंद करू?" त्या बाहेर गेल्या आणि दार ओढून घेतलं.

पुढच्या बुधवारी शेजारची उज्ज्वला विरजण मागायला आली. दाराबाहेर, दाराकडं पाठ करून बसलेल्या बाईंचा आवाज आला, "थांब तिथंच. आत पाहुणी हाय."

"कोण पाहुणी? चप्पल तर दिसंना."

"तिला पाय न्हाईत. पण लई मोठी बाई हाय. बस गुमान."

आणि बाई स्वतःशीच गुणगुणू लागल्या,

पाट मांडीला पाहुणीला, तांब्या ठेवीला बाजूला
काचेच्या ग आड बाई, पाणी देऊ मी कोणाला

आत मनस्विनी हसली. त्या दिवशी ती पहिल्यांदा मोकळ्या आवाजात बोलली.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणी दार लोटून असं मन मोकळं करत असेल. त्या दाराला कान लावू नका. चंद्रप्रभाबाईंसारखं दाराकडं पाठ करून बसा, आणि येणाऱ्याला सांगा, जरा थांब.