खिडकीची जागा

नारळाचं रोप सांभाळण्यात घडीकाकांचा फायदा एकच होता, पण घसघशीत होता: खिडकी. लॉन्ड्रीत एकतीस वर्षं त्यांनी भिंतीकडे तोंड करून इस्त्री केली होती. भिंतीला कुठे पोपडे आलेत ते त्यांनी डोळे मिटूनही सांगितलं असतं. मग मालकीणबाईंची लेक नोकरीसाठी दूर गेली आणि जाताना कोंब फुटलेला नारळ कुंडीत अर्धा पुरून आईच्या गळ्यात मारून गेली. "याला ऊन हवं, ऊब हवी, हवेत ओल हवी," एवढं बजावून.

घडीकाकांनी तिथल्या तिथे गणित मांडलं.

"ऊन खिडकीत आहे, बाई. ऊब आणि वाफ माझ्या टेबलावर. ऊन काही हलायचं नाही. म्हणजे टेबलच हलवायला हवं."

"रोपाची भारीच काळजी हो तुम्हाला," बाई म्हणाल्या. पण टेबल हलवलं.

त्यानंतरचे दहा महिने काकांना स्वप्नात चालल्यासारखे गेले. नवं पान यायचं ते घड्या घातलेलंच. "वरचा कारागीर आपल्याच धंद्यातला दिसतो," काका म्हणायचे. दुपारी वाफ चढली की पानांची सावली पांढऱ्या चादरीवर हलायची, चादरीचं पाणी व्हायचं, आणि जन्मात समुद्र न पाहिलेले काका काठावर उभे राहून त्यात इस्त्री सोडायचे. ती होडीसारखी संथ जायची. मागे लाट उरायची नाही.

बाईंचा लाभ वेगळा होता. लेकीशी बोलायला आताशा विषय उरले नव्हते, पण फोनवर ती विचारायची, "पानं किती झाली?" बाई काकांकडे पाहायच्या, काका बोटं दाखवायचे. "पाच," बाई सांगायच्या, आणि त्या पाचावर दहा मिनिटं बोलणं चालायचं.

लेक दोन दिवस राहायला येणार, असं ठरलं. आदल्या दुपारी काकांनी कुंडी न्याहाळली. पानं झकास, पण बुडाशी तो जुना नारळ सुरकुतलेला, काळवंडलेला, शेंड्या निघालेला. सुरकुती दिसली की काकांचे हात शिवशिवत. त्यांनी सुरीने नारळ अलगद सोडवला. आतला गर अजून ओला होता, गोडसर वास येत होता. त्यांनी मातीवर हात फिरवून ती सपाट केली.

लेकीने आल्या आल्या विचारलं, "नारळ कुठंय? अगं, हे अजून त्याच्याच जिवावर वाढत होतं. कुणी काढला?"

काकांनी इस्त्री उभी केली.

"मी," बाई पावत्या नीट लावत म्हणाल्या. "घाण दिसत होता."

"एक गोष्ट सांभाळायला दिली होती, आई."

तिने आवाज चढवला नाही. दुसऱ्या दिवशीची बस सोडून ती त्याच संध्याकाळी परतली.

रोपाने दोन महिने घेतले. टोकं तपकिरी झाली, मग कडा, मग सगळंच. फोन यायचा, पण आकडा कुणी विचारत नव्हतं, आणि दोन मिनिटांत ठेवला जायचा.

"बाई, तुम्ही कशाला ओढवून घेतलंत?" काकांनी एकदा विचारलं.

"तिला माझ्यावर रागवायची सवय आहे. तुमच्यावर रागावली असती, तर मला टेबल परत भिंतीला लावावं लागलं असतं. तुमचं तोंड बघवलं असतं का मला?"

सोमवारी बाई आल्या तेव्हा काकांनी टेबल आपणहून भिंतीला लावलेलं होतं. खिडकीत, रिकाम्या कुंडीशेजारी, त्यांची खुर्ची होती. तिथून लेक उतरायची तो बसथांबा थेट दिसे. बाई तिथे बसल्या.

काकांनी पोपड्यांसमोर चादर पसरली. तिच्यावर काही हललं नाही. वर्षभर खिडकी वापरली ती त्यांनी. भाडं मात्र बाई भरत होत्या, रोज थोडं थोडं, थांब्याकडे पाहत.