मंचरपर्यंतचा जोडीदार

नाच शिकायची हौस जागृतीला नव्हती, तिच्या मुलीला होती. रिद्धी पुण्याला कॉलेजात गेली, तिथं शनिवारच्या टँगोच्या क्लासला तिनं नाव घातलं, आणि आई भेटायला आली की तिलाही ओढून न्यायला लागली. "पप्पा गेल्यापासून तू दुकान आणि देरासर सोडून कुठं गेलीस का मम्मी?" पुढं परीक्षा आल्या, मैत्रिणी वाढल्या, रिद्धीचा क्लास सुटला. आईचा सुटला नाही. जुन्नरला घरी सगळ्यांना वाटायचं, ती लेकीला भेटायला जाते. आणि भेटायचीही ती, घाईघाईनं, हॉस्टेलच्या फाटकात.

जुन्नरच्या पेठेत सासऱ्यांचं, पोपटलाल शेठचं, कापडाचं दुकान होतं, जवळच जैनांचं मंदिर, देरासर. जागृती दिवसभर साड्यांना मॅचिंग ब्लाउजपीस काढून द्यायची. घर माणसांनी भरलेलं, कुणी वाईट बोलणारं नाही. पण नवरा, हितेश, गेल्यापासून आपल्याला कुणाचा हातच लागलेला नाही, हे तिला क्लासच्या पहिल्या दिवशी कळलं. समोरच्या माणसानं शिकवल्याप्रमाणं पाठीवर हात ठेवला आणि ती दचकून मागं सरली.

"होतं असं," शिकवणाऱ्या लॉर्ना मॅडम म्हणाल्या. "आणि इथं ताई-दादा चालत नाही हां. फक्त नावं."

त्या माणसाचं नाव संघर्ष. घोडेगावला जमीन मोजणीच्या कार्यालयात नोकरी, राहायला मंचरला. चाळिशीचा, अबोल. लग्न मोडलेलं, हे त्यानं एकदा पाणी पिताना सांगून टाकलं आणि परत त्यावर बोलला नाही.

टँगो दोघांना जमला. अडलं मिलोंगापाशी. टँगोची अवखळ बहीण, म्हणायच्या मॅडम. टँगोत मध्येच थांबता येतं, श्वास घेता येतो. मिलोंगाचा ठेका मात्र धावता असतो, त्यात उभं राहून विचार करायला जागाच नसते. जागृती घाबरायची. तो कुठं वळेल याचा अंदाज बांधून आधीच पाऊल टाकायची आणि त्याच्या बुटावर चढायची.

"सॉरी, सॉरी."

"तुम्ही पुढचं आधीच ठरवताय."

"मग चुकलं तर?"

"चुकू द्या की. मी काय पळून चाललोय व्हय?"

ती हसली. हसताना तिचे खांदे खाली आले, आणि पुढचं सबंध गाणं तिचा पाय त्याच्या बुटावर पडला नाही. मॅडमनी लांबूनच मान हलवली. त्यानंतर दर शनिवारी तिचं अंग थोडं थोडं मोकळं होत गेलं. पावलं लहान ठेवायची, गुडघे सैल. पायांकडं बघायचं नाही, त्याच्या छातीचा कल ओळखायचा. उन्हाळ्यातल्या एका दुपारी ती डोळे मिटून नाचली आणि गाणं संपलेलं तिला कळलंच नाही. संघर्षही तसाच उभा राहिला होता, हात न सोडता. मग दोघं एकदमच बाजूला झाले.

क्लास सुटला की दोघं एकाच जुन्नर गाडीला यायचे. गाडीत मात्र ती पुढं खिडकीशी बसायची, तो मागं. असं कुणी ठरवलं नव्हतं. राजगुरुनगर सोडलं की ओळखीची माणसं चढायला लागत. दिवस मावळायच्या आत ती डब्यातला खाकरा खाऊन घ्यायची आणि मंचरला तो उतरताना बाहेर बघत राहायची.

डोळे मिटून नाचली त्या दिवशी मात्र तिला वाटलं, बसला शेजारी तर काय होतंय? तिनं शेजारच्या सीटवरची पिशवी मांडीवर घेतली आणि मागं वळून पाहिलं. तो उठून आला. पलीकडं तिच्याच गल्लीतल्या झमकूबाई बसल्या होत्या. त्या ओळखीच्या आहेत हे त्याला कळलं असावं.

"ताई, बसू का हितं?"

"बसा ना, भाऊ," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

हॉलमध्ये त्याच्या श्वासावरून तिला पुढचं पाऊल कळायचं, आणि इथं खांद्याला खांदा लागू नये म्हणून दोघं अंग चोरून बसले होते. उन्हाबद्दल बोलून झालं. रस्त्याबद्दल झालं.

शेवटी पेठचा घाट उतरल्यावर तो म्हणाला, "आणे गावाला पोरगी बघून आलो. माझं ठरल्यातच जमा हाये."

"अरे वा. बरं झालं."

"आईच्या लई मनात व्हतं. आता शनिवारचं काय जमायचं न्हाई."

"त्यांनाही शिकवा ना. नाच."

तो ओशाळून हसला. "तिला काय सांगू, कुठं शिकलो म्हणून?"

मंचरचा स्टँड आला. तो उठला, वरच्या दांड्याला धरून क्षणभर थांबला. "तुमी सोडू नका," तो हळूच म्हणाला. मग मोठ्यानं, "येतो ताई," आणि उतरला. त्याच्या जागेवर कांद्याची पिशवी घेऊन एक बाई बसली.

"कोण गं तो?" झमकूबाईंनी विचारलं.

"ओळखीचे आहेत."

पुढच्या शनिवारी जावं की नाही, हे तिचं गाडीत बसेपर्यंत ठरत नव्हतं. पण ती गेली. क्लासमध्ये जोड्या लागल्या आणि ती एकटी उरली. एक गाणं ती भिंतीशी बसून राहिली. मग मिलोंगा लागला आणि लॉर्ना मॅडमनीच तिच्यापुढं हात केला. त्या तिच्याहून बुटक्या, त्यांच्या अंगाला निलगिरीचा वास. पहिल्या दोन वळणांत जागृती अडखळली, मग पाय आपोआप चालायला लागले, छोटे, हलके, ठेक्यात. मॅडमनी मध्येच ठेका दुप्पट केला, तरी तिचं पाऊल चुकलं नाही.

गाणं थांबलं. मॅडमनी तिच्या पाठीवर थोपटलं.

"बघ, जमलं की तुला. आता कुणाहीबरोबर नाचशील तू."

ते खरं होतं, तिलाही कळत होतं. ती "थँक्यू मॅडम" म्हणाली, आणि तोंड धुवायचं निमित्त करून बाहेरच्या नळाशी गेली. नळ चालू ठेवून बराच वेळ ती तिथंच उभी राहिली.